पॅरोलची अट कोणाच्या रक्षणासाठी?

१९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॉरिसी विरुद्ध ब्रूवर या खटल्याचा निकाल दिला. खोट्या चेकबद्दल शिक्षा झालेला एक माणूस पॅरोलवर, म्हणजे शिक्षा संपण्याआधी अटींवर, सुटला होता आणि सात महिन्यांत त्याला परत तुरुंगात नेले होते. खोट्या नावाने गाडी घेतली, परवानगी न काढता ती चालवली, किरकोळ अपघातानंतर पोलिसांना पत्ता आणि विम्याबद्दल खोटे सांगितले, खोट्या नावावर उधारी केली, राहण्याचे ठिकाण कळवले नाही, असे त्याच्यावरचे आरोप. निकालात न्यायालयाने पॅरोलच्या तेव्हाच्या नेहमीच्या अटी नोंदवल्या आहेत. दारू बंद. ठरावीक प्रकारच्या लोकांशी ऊठबस आणि पत्रव्यवहार बंद. नोकरी बदलायची, घर बदलायचे, लग्न करायचे, वाहन घ्यायचे किंवा चालवायचे, परगावी जायचे, मोठे कर्ज काढायचे, तर आधी पॅरोल अधिकाऱ्याची परवानगी.

खोट्या चेकबद्दल शिक्षा झालेल्या माणसाने कर्ज काढताना विचारावे, हे समजू शकते. लग्नासाठी का विचारावे? त्या लग्नापासून समाजाला कोणता धोका आहे? चेकच्या गुन्ह्याचा आणि लग्नाचा संबंध काय?

पॅरोलवर असलेल्या माणसाला काय करता येते आणि काय नाही, असे कोणी विचारले की आपण मनाईची यादी शोधू लागतो. खरा फरक यादीच्या आधीच पडलेला असतो. तुम्हाआम्हाला कायद्याने जे मना केलेले नाही ते सगळे मोकळे असते. पॅरोलवरच्या माणसाच्या बाबतीत हा नियम बऱ्याच अंशी उलटा होतो. परवानगी मिळेपर्यंत गोष्ट मना असते. सकाळी उठून शेजारच्या जिल्ह्यात कामाची चौकशी करायला जाणे हे आपल्यासाठी साधे काम आहे, त्याच्यासाठी तो अर्ज आहे, त्या अर्जाची वाट पाहणे आहे आणि उत्तर येण्याआधी निघाला तर तो भंग आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की अशी प्रत्येक अट कोणाला तरी कशापासून तरी वाचवणारी असली पाहिजे. कोणाला आणि कशापासून, याचे उत्तर अट घालणाऱ्याला देता येत नसेल, तर ती अट म्हणजे कोणत्याही न्यायाधीशाने न सुनावलेली जास्तीची शिक्षा आहे.

पॅरोलची मुळातली कल्पना अशी नव्हती. १८४० मध्ये अलेक्झांडर मॅकॉनॉकी नावाचा नौदलातला अधिकारी ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावरच्या कैद्यांच्या वसाहतीचा प्रमुख झाला. त्या बेटाची ख्याती फटक्यांची आणि क्रौर्याची. मॅकॉनॉकीने गुणांची पद्धत आणली. काम आणि वर्तन यांतून कैद्याने गुण मिळवायचे आणि त्या गुणांवर टप्प्याटप्प्याने मोकळीक मिळवायची. १८४४ मध्ये त्याला परत बोलावले गेले, पण कल्पना टिकली. आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टनने १८५० च्या दशकात तीच पुढे नेली, आणि १८७६ मध्ये उघडलेल्या न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा सुधारगृहातून ती अमेरिकेत रुजली. या सगळ्या प्रयोगांचा गाभा एकच होता. तुरुंगाच्या दारातून बाहेर पडणे ही उडी असू नये, उतार असावा. विश्वास थोडाथोडा वाढवत न्यावा आणि शेवटी पहारा उरू नये. आजच्या अटींच्या याद्या वाचताना हा उतार शोधावा लागतो. पहिल्या दिवशी जेवढ्या अटी असतात तेवढ्याच तिसऱ्या वर्षीही असतात, असे अनेक ठिकाणी दिसते.

एक भेद इथेच स्पष्ट केलेला बरा, कारण त्यावाचून चर्चा भलतीकडे जाते. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन अशा देशांत पॅरोल म्हणजे शिक्षेचा उरलेला भाग देखरेखीखाली तुरुंगाबाहेर काढणे. भारतात पॅरोल म्हणजे रजा. घरातला मृत्यू, गंभीर आजारपण, लग्नकार्य अशा कारणासाठी कैदी काही दिवस बाहेर येतो आणि परत जातो. महाराष्ट्रात १९५९ चे फर्लो आणि पॅरोलचे नियम आहेत, सरकारी कागदांत या रजांना संचित रजा आणि अभिवचन रजा म्हणतात. फर्लोला खास कारण लागत नाही, पॅरोलला लागते. २०१७ मध्ये राजस्थानातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या दोन्हींमागचा हेतू सांगितला. कैद्याने घरच्या अडचणी सोडवाव्यात एवढ्यापुरती ही रजा नाही, त्याचा समाजाशी धागा तुटू नये यासाठीही ती आहे. पण जानेवारी २०२३ मध्ये, गोव्याच्या तुरुंग नियमांखालच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने हेही स्पष्ट केले की मुदतपूर्व सुटकेसाठी प्रत्यक्ष भोगलेली वर्षे मोजताना पॅरोलचे दिवस वगळले जातील. म्हणजे तिथे बाहेर काढलेले दिवस शिक्षेत जमा होत नाहीत, आणि त्या दिवसांत बंधने मात्र पूर्ण असतात.

रजेवरचा कैदी काय करू शकतो? घरच्यांबरोबर राहू शकतो, आजारी आईला दवाखान्यात नेऊ शकतो, शेतातले काम बघू शकतो, वकिलाला भेटू शकतो. काय करू शकत नाही? अर्जात दिलेला पत्ता परवानगीशिवाय सोडू शकत नाही, पोलीस ठाण्यातली हजेरी चुकवू शकत नाही आणि ठरल्या दिवशी तुरुंगाच्या दाराशी हजर झाल्याशिवाय राहू शकत नाही. या शेवटच्या अटीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. रजा परत येण्याच्या शब्दावरच दिलेली असते. शब्द मोडला तर परिणाम व्हायलाच हवा. माझी तक्रार आहे ती दाराबाहेर पडण्याआधीच्या अटीवर. मुचलका आणि जामीनदार. ज्याच्या घरी जमिनीचा उतारा आहे, ज्याच्यासाठी सही करायला प्रतिष्ठित माणूस तयार आहे, तो आईच्या अंत्यविधीला पोचतो. दुसऱ्याचा रजेचा हुकूम निघतो आणि जामीनदार मिळेपर्यंत फाईलमध्ये पडून राहतो. १९७८ मध्ये मोतीराम प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागणाऱ्या आणि वर परजिल्ह्यातला जामीनदार नाकारणाऱ्या आदेशावर कडक शब्दांत टीका केली होती. तो विषय जामिनाचा होता. पण पैशाची ऐपत आणि पळून जाण्याची शक्यता यांची गल्लत करू नये, हा त्यातला विचार पॅरोललाही तंतोतंत लागू आहे.

आता अटींकडे येऊ. काही अटी मला पूर्णपणे पटतात आणि त्या कडक असाव्यात असेच वाटते. ज्या बाईला मारहाण केली तिच्या घराजवळ, कामाच्या जागेजवळ फिरकायचे नाही, तिला फोन नाही, निरोप नाही, मुलांच्या हातून चिठ्ठी नाही. शस्त्र बाळगायचे नाही. मुलांवर अत्याचार केलेल्याने मुलांमध्ये काम करायचे नाही. राहण्याचा पत्ता कळवायचा, ठरलेल्या दिवशी हजेरी द्यायची. इथे 'कोणाला आणि कशापासून' या प्रश्नाला नाव-गाव असलेले उत्तर आहे. कॅनडाच्या १९९२ च्या कायद्यात खास अटींसाठी कसोटीच दिली आहे. समाजाचे रक्षण आणि त्या माणसाचे पुनर्वसन यांसाठी अट वाजवी आणि आवश्यक असली पाहिजे. आवश्यक ही कसोटी महत्त्वाची आहे. उपयोगी पडेल अशी अट कोणीही सुचवू शकतो.

खटकतात त्या घाऊक अटी. गुन्हा कोणताही असो, छापील फॉर्मवर सगळ्यांसाठी त्याच. दारूच्या नशेत गाडी चालवून माणूस मारला, त्याला दारूबंदी हवीच. हिशेबात अफरातफर केली त्याला ती कशासाठी? त्याने घरी एक पेला घेतला आणि चाचणीत दिसला, तर त्या पेल्याने कोणाचे नुकसान झाले?

सगळ्यात जास्त नुकसान करणारी अट, माझ्या मते, सोबतीची आहे. गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या कोणाशीही संबंध ठेवायचा नाही. ऐकायला किती शहाणपणाची वाटते. वाईट संगत सोड, हे तर प्रत्येक आईबाप सांगतात. पण ज्या घरांतून आणि वस्त्यांतून माणसे तुरुंगात जातात, तिथे शिक्षा होऊन आलेला माणूस म्हणजे भाऊ असतो, मामा असतो, शेजारी असतो, एकाच गॅरेजमध्ये काम करणारा मेकॅनिक असतो. ही अट अक्षरशः पाळायची तर त्याला घरच सोडावे लागेल. आणि घर सोडले तर पत्त्याची अट मोडेल. १९७१ मध्ये एका पॅरोलवरच्या कामगाराचे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच ठिकाणी नोकरी करणारे इतर शिक्षा भोगलेले लोक कामावर भेटतात, हाच त्याचा 'संबंध' ठरवला गेला होता. एकाच मालकाकडे प्रामाणिकपणे नोकरी करताना होणाऱ्या भेटीगाठी या अटीत येत नाहीत, असे न्यायालयाला सांगावे लागले. ते सांगण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, यातच त्या अटीची भाषा किती सैल आहे ते कळते.

या अटीचा आणखी एक तोटा आहे आणि त्याकडे कमी लक्ष जाते. व्यसनातून बाहेर पडताना, पहिली नोकरी मिळवताना, रात्री जुन्या टोळीचा फोन आला तर काय करायचे हे विचारताना, सर्वात उपयोगी पडतो तो आधी त्याच वाटेने गेलेला माणूस. दहा वर्षांपूर्वी सुटून आलेला, आता संसार थाटलेला. सोबतीची अट त्यालाच दूर ठेवते. ज्याच्याबरोबर मिळून गुन्हा केला, ज्या टोळीत होता, त्या ठरावीक लोकांची नावे घालून त्यांच्याशी भेट मना करावी. ते नेमके आहे, तपासता येते आणि पाळताही येते. 'शिक्षा झालेला कोणीही' ही मनाई त्याला एकटे पाडते, आणि एकटा पडलेला माणूस शेवटी ओळखीच्या जुन्या दारावरच जाऊन उभा राहतो.

दुसरी अशीच अट चांगल्या वर्तनाची. इंग्लंडमध्ये परवान्यावर, म्हणजे उरलेली शिक्षा अटींवर बाहेर काढण्यासाठी, सुटलेल्यांच्या छापील अटींत ती असते, आपल्याकडेही शिक्षेत माफी देताना घातली जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गुजरातचे एक प्रकरण होते. माफी मिळालेल्या कैद्याला सरकारने घातलेल्या अटींत एक होती की सुटकेनंतर दोन वर्षे सभ्यपणे वागावे. न्यायालयाने ती टिकू दिली नाही. सभ्य म्हणजे काय हे कायद्यात कुठेच सांगितलेले नाही, ज्याची त्याची कल्पना निराळी, आणि इतक्या मोघम अटीच्या आधारे कोणाचेही स्वातंत्र्य केव्हाही काढून घेता येईल, असा त्यामागचा विचार आहे. न्यायालयाने आणखीही सांगितले. माफीच्या अटी जाचक नसाव्यात. नुसता दखलपात्र गुन्हा नोंदला गेला म्हणून माफी आपोआप रद्द करू नये. रद्द करण्याआधी नोटीस द्यावी, कारणे सांगावीत, त्याचे म्हणणे ऐकावे. हा निकाल माफीबद्दल आहे, रजेबद्दल नाही. तरीही अट घालणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने तो वाचावा असे मला वाटते. जी अट नेमकेपणाने लिहिता येत नाही ती पाळता येत नाही, आणि जी पाळता येत नाही ती घालणाऱ्याच्या हातातली काठी होते.

नेमक्या आणि वाजवी अटींनाही एक मर्यादा आहे. त्या एकेकट्या वाजवी असतात. एका माणसाच्या एका आठवड्यात कोंबल्या की त्यांचा मेळ बसत नाही. पूर्णवेळ नोकरी करायची. कार्यालयीन वेळेत हजेरीला जायचे. बोलावणे आले की लघवीच्या चाचणीला जायचे. रागावर ताबा ठेवण्याच्या वर्गाला बसायचे. रात्री ठरलेल्या वेळेआधी घरात असायचे. नवीन नोकरीतला मालक दर आठवड्याला अर्धा दिवस सुटी कितीदा देईल? रात्रपाळी मिळाली तर घरी थांबण्याच्या वेळेचे काय? गाडी चालवायला परवानगी नाही आणि वर्ग गावाच्या दुसऱ्या टोकाला. अमेरिकेत अनेक ठिकाणी देखरेखीचे शुल्क त्याच्याकडूनच वसूल होते, कधी ठावठिकाणा दाखवणाऱ्या पायातल्या उपकरणाचे भाडेही. १९८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रोबेशनच्या, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवण्याच्या, एका प्रकरणात सांगितले होते की पैसे भरता आले नाहीत एवढ्यावरून, ऐपत होती का याची चौकशी न करता, माणसाला तुरुंगात पाठवता येणार नाही. नियम झाला, पण पैशाच्या ताणाने अटी मोडण्याचे प्रकार त्याने थांबलेले नाहीत. कोणतीही अट घालताना तिच्या आधीच्या सगळ्या अटी समोर ठेवून, त्या माणसाचा सोमवार ते रविवार कसा जाईल हे कागदावर मांडून पाहावे. इतके सोपे काम आहे. ते होत नाही, कारण अट घालणारी खाती वेगळी असतात, आणि त्या सगळ्या एकत्र जगणारा माणूस एकच असतो.

मग अट मोडते. मोडल्यावर काय होते, हा या विषयाचा सर्वात जड भाग आहे.

अमेरिकेतल्या राज्य सरकारांच्या परिषदेच्या न्यायविषयक केंद्राने २०१९ मध्ये देशभरातली आकडेवारी एकत्र केली. राज्यांच्या तुरुंगांत दाखल होणाऱ्यांपैकी ४५ टक्के लोक प्रोबेशन किंवा पॅरोलच्या अटी मोडल्याने आलेले होते. एकूण दाखल होणाऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक तर केवळ तांत्रिक भंगामुळे. तांत्रिक म्हणजे नवीन गुन्ह्याखेरीजचा भंग. हजेरी चुकली, चाचणी चुकली, घरी यायला उशीर झाला, पत्ता कळवला नाही. एखादी व्यवस्था माणसांना तुरुंगाबाहेर टिकवण्यासाठी बांधली जाते आणि तीच तुरुंग भरण्याचा मोठा रस्ता होते, तेव्हा दोष सगळा माणसांत शोधून भागत नाही.

देखरेख वाढवली की गुन्हे कमी होतात, हे गृहीत धरले जाते. ते तपासलेही गेले आहे. रँड या संशोधन संस्थेने नऊ राज्यांतल्या चौदा ठिकाणी कडक देखरेखीचे प्रयोग अभ्यासले. माणसांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली होती, म्हणजे कोण कडक देखरेखीखाली आणि कोण साध्या हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर नव्हते. १९९३ मध्ये निष्कर्ष आले. कडक देखरेखीखालच्या लोकांचे नवे गुन्हे कमी झाले नाहीत. तांत्रिक भंग मात्र खूप जास्त पकडले गेले, आणि त्यामुळे त्यांच्यातले जास्त लोक आत गेले. ज्या प्रयोगांत देखरेखीबरोबर उपचार आणि मदत जास्त होती तिथे चित्र जरा बरे होते. जास्त वेळा पाहिले की जास्त चुका दिसतात, यात नवल नाही. त्या चुका दिसल्याने कोणाचे घर फोडायचे वाचले, असे मात्र दिसले नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या मनात आतापर्यंत एक राग जमा झाला असेल, आणि तो रास्त आहे. ज्याच्या घरातला माणूस मारला गेला, त्याला पॅरोलवरच्या माणसाच्या हजेरीच्या वेळांची चिंता का असावी? पॅरोलवर सुटलेल्याने पुन्हा खून केला, बलात्कार केला, अशा बातम्या येतात, त्या खोट्या नसतात. त्या वेळी ज्याने त्याला सोडले त्याला जाब विचारला जातो, तोही विचारायला हवा. या रागाला मी हलके समजत नाही. उलट त्याच रागाच्या बाजूने मला सांगायचे आहे. पीडितेला खरे संरक्षण हवे असेल तर अधिकाऱ्याचे लक्ष नेमक्या चार गोष्टींवर असायला हवे. तो तिच्या गल्लीत दिसला का? त्याने शस्त्र मिळवले का? पायातले उपकरण काढले का? गायब झाला का? हे भंग धोक्याचे इशारे आहेत आणि यावर त्याच दिवशी कारवाई झाली पाहिजे. ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर शंभर माणसांच्या दारूच्या चाचण्या आणि उशिरा आलेल्या हजेऱ्यांचे कागद पडले आहेत, त्याच्या नजरेतून नेमका हाच एक इशारा निसटतो. पसरट अटींनी पीडितेला सुरक्षित वाटते खरे, पण तिच्या बाजूने उभे राहायची वेळ येते तेव्हा अधिकारी दुसऱ्याच कामात असतो. शिवाय सुटका केव्हा होणार, तो कुठे राहणार आणि कोणत्या अटी आहेत, हे तिला आधी कळवणे आणि अटी ठरवताना तिचे म्हणणे ऐकणे, हे तिच्या दृष्टीने छापील फॉर्मवरच्या वीस अटींपेक्षा मोलाचे आहे.

न्यूयॉर्क राज्याने २०२१ मध्ये कायदा करून बऱ्याच तांत्रिक भंगांसाठी तुरुंगाचा दरवाजा बंद केला आणि उरलेल्यांसाठी जास्तीत जास्त तीस दिवसांची मर्यादा घातली. अटी पाळत काढलेल्या प्रत्येक तीस दिवसांमागे देखरेखीचे तीस दिवस कमी होतात. मॅकॉनॉकीच्या गुणांची आठवण यावी अशी ही रचना आहे. नीट वागण्याला काही किंमत मिळते आणि शेवट दिसतो. शेवट दिसणे किती महत्त्वाचे आहे हे इंग्लंडने उलट्या मार्गाने शिकून घेतले. २००३ च्या कायद्याने तिथे लोकरक्षणासाठी अनिश्चित मुदतीची कैद आणली. किमान मुदत संपली तरी धोका नाही असे पॅरोल मंडळाला पटेपर्यंत सुटका नाही, आणि सुटल्यावरही परवान्याच्या अटी वर्षानुवर्षे मानेवर. २०१२ मध्ये ही शिक्षा रद्द झाली, पण आधी झालेल्या लोकांना ती लागूच राहिली. लहानशा गुन्ह्यात छोटी किमान मुदत मिळालेले लोक बाहेर आले, अट मोडली म्हणून आत गेले, पुन्हा बाहेर, पुन्हा आत. परवान्याची मुदत लवकर संपवण्याची तरतूद यायला २०२४ उजाडावे लागले.

खासगीपणाचा प्रश्न आता तंत्रज्ञानामुळे आणखी टोकदार झाला आहे. कॅलिफोर्नियात पॅरोल हवा तर कोणत्याही वेळी, वॉरंटशिवाय, कारणाशिवाय झडतीला तयार असल्याचे लिहून द्यावे लागत असे. २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, काहीही संशय नसताना घेतलेली अशी झडती वैध ठरवली. मला हा निकाल चुकीचा वाटतो. संशय असावा, निदान थोडा तरी, ही मागणी फार मोठी नाही. त्या झडतीत फक्त तो नसतो, त्याच्याबरोबर राहणारी आई असते, मुले असतात. त्यांनी कोणताच गुन्हा केलेला नसतो.

आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आरोपीच्या मोबाइलमधून त्याचे ठिकाण तपास यंत्रणेला सतत कळत राहावे अशी अट जामिनाला घालता येणार नाही, तो खासगीपणाच्या हक्कावर घाला आहे. जामिनावरचा आरोपी कायद्याने निर्दोष असतो, पॅरोलवरचा कैदी दोषी ठरलेला असतो, हा फरक मला मान्य आहे. पण केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श कारागृह कायद्यात जे आहे ते या फरकाच्याही फार पुढे जाते. कैदी अंगावर ठावठिकाणा दाखवणारे उपकरण बाळगायला तयार असेल तर त्याला रजा मिळू शकेल, आणि त्याने काही भंग केला तर रजा रद्द होईल व पुढेही कधी मिळणार नाही, असे त्यात आहे. भंग कोणता, किती मोठा, का झाला, याचा विचार नाही. बॅटरी संपली आणि पळून गेला, दोन्हींना एकच फळ. जी राज्ये या आराखड्यावरून आपला कायदा करतील त्यांनी निदान ही ओळ तरी जशीच्या तशी उचलू नये. भंगाचे प्रकार वेगळे करावेत, ऐकून घेतल्याशिवाय कायमची बंदी नको, आणि उपकरण प्रत्येकाला नको, ज्याच्या बाबतीत पळून जाण्याचा किंवा कोणाला इजा करण्याचा ठोस धोका कागदावर नोंदवता येतो त्यालाच ते असावे.

काही हक्क असे आहेत की ते अटींच्या टेबलावर येऊच नयेत. लग्न हा त्यातला एक. उपासना दुसरा. वकिलाशी बोलणे, दवाखान्यात जाणे, मुलांना भेटणे (मूल स्वतःच पीडित असेल तर वेगळे). तक्रार करणे. मतदानही मी यातच धरतो. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये पॅरोलवरच्या लोकांना मताचा हक्क परत दिला. अमेरिकेतल्या इतर कित्येक राज्यांत तो अजून नाही. मत दिल्याने कोणाला कशापासून धोका आहे, या प्रश्नाला मला कोणीही उत्तर दिलेले नाही.

१९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेले टोकियो नियम या बाबतीत फार थोडक्यात आणि फार नेमके बोलतात. अटी व्यवहार्य असाव्यात, नेमक्या असाव्यात, शक्य तितक्या थोड्या असाव्यात. त्या पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता कमी करणाऱ्या आणि समाजात मिसळण्याची शक्यता वाढवणाऱ्या असाव्यात, पीडिताची गरज लक्षात घेऊन. आणि अट मोडली म्हणजे आपोआप तुरुंग, असे नको.

हे प्रत्यक्षात आणायला नवा कायदा लागतोच असे नाही. पुष्कळ गोष्टी एका परिपत्रकाने होतील. अट घालणाऱ्याने प्रत्येक अटीपुढे एक ओळ लिहावी, ही कोणाच्या रक्षणासाठी. ओळ लिहिता आली नाही तर अट खोडावी. अटींचा कागद त्या माणसाच्या भाषेत असावा, आणि त्याला वाचता येत नसेल तर सोडण्याआधी कोणीतरी बसून त्याला समजावून सांगावा, काय मना आहे आणि काय मोकळे आहे, दोन्ही. परवानगीच्या अर्जाला उत्तर देण्याची मुदत अधिकाऱ्यावर बंधनकारक असावी, आणि मुदतीत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे धरावे. आज उशिराचा सगळा भार अर्ज करणाऱ्यावर आहे. नोकरीची जागा वाट पाहत नाही, आणि पत्र यायच्या आत ती भरली जाते. दर सहा महिन्यांनी प्रत्येक अट पुन्हा तपासावी आणि ती चालू ठेवायची असेल तर त्याचे कारण अधिकाऱ्याने द्यावे. ती उठवण्याचे कारण त्या माणसाने शोधत बसू नये. भंगाचा आरोप झाला तर मॉरिसी खटल्याने पन्नास वर्षांपूर्वी सांगितलेली किमान वागणूक मिळावी. आरोप लेखी कळवावा, पुरावा दाखवावा, बाजू मांडू द्यावी, निर्णय तटस्थ व्यक्तीने करावा आणि कारणे लिहून द्यावीत. आणि रजेचा हुकूम निघाल्यावर केवळ जामीनदार मिळाला नाही म्हणून ज्याची रजा अडली आहे, त्याला ठरावीक दिवसांत वैयक्तिक मुचलक्यावर सोडायचे की नाही याचा निर्णय अधीक्षकांनी कारणांसह नोंदवावा, म्हणजे तो नाकारला गेला तर पुढे दाद तरी मागता येईल.